कृषी पदवीला शाश्वत शेती शिकताना

श्रोतेहो, नमस्कार.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. आपल्या राज्यातल्या या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत दरवर्षी हजारो मुलंमुली बी.एस्सी. कृषीला प्रवेश घेतात. त्यातली बरीचशी शेतकऱ्यांच्या घरची असतात. आज मी बोलणार आहे ते त्यांच्यासाठी, आणि त्यांना शिकायला पाठवणाऱ्या आईवडिलांसाठी.

अगदी अलीकडपर्यंत लागू असलेल्या पदवी अभ्यासक्रमात 'शेती पद्धती आणि शाश्वत शेती' हा विषय एका श्रेयांकाचा होता. आठवड्याला एक तास आणि प्रात्यक्षिक शून्य. ज्या विषयाचा जीव शेतात आहे, तो फळ्यावर संपवायचा! मला हे पटत नाही आणि वर्गात पहिल्याच तासाला मी ते सांगते. त्याबरोबर आणखी एक सांगते. मुलांनो, या विषयाची प्रात्यक्षिकं तुम्ही करताच आहात. ती वेगवेगळ्या विभागांच्या जर्नलमध्ये विखुरलेली आहेत. ती एकत्र मांडून वाचायला शिका. शेताकडे परिसंस्था म्हणून पाहणारं जे शास्त्र आहे, त्याचा पाया तिथेच घातला जातो.

मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊ या. मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून आलेला कार्बन, मोजायची वॉकले आणि ब्लॅक यांची पद्धत १९३४ सालची आहे. एक ग्रॅम माती, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट, वर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. फ्लास्क चांगलाच तापतो. अर्धा तास थांबायचं, मग ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून फेरस अमोनियम सल्फेटचं द्रावण थेंब थेंब सोडत जायचं. गडद जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा होतो, तिथे हात थांबवायचा. आकडेमोड केली की कर्बाची टक्केवारी मिळते. ०.५ च्या खाली आली तर जमीन 'कमी' या वर्गात. आपल्या कोरडवाहू भागातल्या पुष्कळ नमुन्यांचं उत्तर तिथेच येतं. विद्यार्थी आकडा लिहितो, सही घेतो आणि जर्नल मिटतो.

पण तो आकडा कमी का आला? बैलजोडी विकली, गाई गेल्या, उकिरडा आटला. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, चुलीत गेल्या नाही तर बांधावर पेटल्या. म्हणजे मातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गोठ्यात आहे, आणि गोठा शिकवतात पशुसंवर्धनात. उरलेलं अर्धं मजुरीत आणि ट्रॅक्टरच्या भाड्यात आहे, ते येतं कृषी अर्थशास्त्रात. एका आकड्याच्या मागे तीन विभाग उभे असतात.

तसंच मुळांवरच्या गाठींचं. भुईमूग, हरभरा, तूर अलगद उपटायची, माती धुवायची आणि एक गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी दिसली तर रायझोबियम हे जिवाणू कामावर आहेत, हवेतला नत्र पिकाला मिळतो आहे. आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर काम अजून सुरू नाही, नाही तर संपलं आहे. आपल्या आजोबांनी ही गाठ फोडून पाहिली नसेल, पण हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवरचा परिणाम, चांगला, तागाचा बेवड चांगला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोणत्या रानात आधी काय होतं, यावर पुढचं पीक ठरायचं. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींनी त्या ज्ञानाला मागासलेलं समजू नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी जपलेल्या गावरान वाणांची दखल घेऊन २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

ऊस पट्ट्यातल्या श्रोत्यांसाठी पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचं, उदाहरण घेते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि काडी लावली की क्षणात जातं. ते न पेटवता कुजवायचं ठरवलं तर एक अडचण येते. पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र अगदी थोडा. कुजवणारे जिवाणू मग जमिनीतलाच नत्र उचलतात आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक, काही दिवस पिवळा दिसतो. शेतकरी म्हणतो, पाचटाने ऊस मारला. म्हणूनच टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. यातलं कर्ब-नत्र गुणोत्तर ज्याला समजलं, त्याला शेणखत कच्चं का टाकू नये, हे निराळं सांगावं लागत नाही.

आता कपाशीकडे येते, कारण सगळे विषय एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे कपाशीइतकं दुसरं कोणतंही पीक दाखवत नाही.

कीटकशास्त्रात गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी पाठ करून घेतात. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली. त्याच्या पुढे गेलं की उपाय करा. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी वाणांना ती दाद देईनाशी झाली, तेव्हा तिला उपाशी ठेवणं हाच भरवशाचा मार्ग उरला. त्यासाठी डिसेंबरअखेर शेत मोकळं करायचं, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेलं पीक, घ्यायची नाही, पऱ्हाटी शेतात रचून ठेवायची नाही. सांगायला सोपं आहे. पण फरदडीतून आणखी एक-दोन वेचण्यांचे पैसे येतात. कपाशी काढली तर त्या रानात काय पेरायचं? हरभऱ्याला एखादं पाणी हवं. विहिरीला पाणी नाही, मग शेततळं हवं. शेततळं मिळालं तरी रात्रीच्या विजेवर भरायचं. आणि एकट्याने शेत मोकळं करून भागत नाही, कारण शेजारच्याची फरदड उभी असली तर पतंग बांध पाहून थांबत नाहीत. म्हणजे कीड कीटकशास्त्राची, पण तिचा बंदोबस्त पीकपद्धतीत, पाण्यात, बाजारभावात आणि गावाच्या एकमतात आहे. हे सगळं सोडून फक्त फवारणी हाती राहिली की काय होतं, ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं. फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हा विषय शिकवताना मला प्रत्येक वेळी त्या माणसांची आठवण येते.

एक गैरसमजही दूर करायला हवा. शाश्वत शेती म्हणजे उद्या सकाळपासून खताची गोणी बंद, असं नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली. भाताचं आणि चहाचं उत्पादन घसरलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. जमिनीची ताकद हुकूम काढून वाढत नाही. अकोल्याला ज्वारी-गहू पिकांवर खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालत आला आहे. शिफारशीच्या खतांबरोबर शेणखत जिथे पडत आलं, तिथे उत्पादन टिकलं आणि कर्बही वाढला. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला गव्हाचा असाच प्रयोग १८४३ पासून चालू आहे. जमिनीतला असा बदल दिसायला अनेक वर्षं लागतात आणि तुमची पदवी चार वर्षांची, म्हणून महाविद्यालयाच्या फार्मवर जुन्या प्रयोगाचा तुकडा असेल तर तो जाऊन पाहा, त्याच्या जुन्या नोंदी मागून घ्या.

या विचाराची मुळं आपल्याच मातीत आहेत. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ राहुरीला आहे, त्या महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलं होतं की, डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेल्या जीवजंतूंचं सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरून जमीन कसदार होते. सरकारने लष्कर आणि पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्यानाल्याला मिळेल, अशी मागणी त्यांनी केली. पाणलोट क्षेत्र व्यवस्थापन म्हणून आज जे शिकवतात, ते याहून फार निराळं नाही. पुढे होळकरांच्या इंदुरात १९२४ पासून इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल सांभाळायची आणि वरखाली करत राहायचं. तीनेक महिन्यांत खत तयार. १९३१ साली या कामावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचंही नाव आहे. जगभर 'इंदूर पद्धत' शिकवली जाते, तेव्हा वाड यांचं नाव बहुधा राहून जातं. आपल्या मुलामुलींना तरी ते माहीत असावं.

आता शेतकरी बंधू-भगिनींनो, एक विनंती तुम्हाला. सातव्या सत्रात ही मुलं कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून तुमच्या गावात राहायला येतात. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, माती नमुना अशी प्रात्यक्षिकं करतात, फोटो काढतात. तेवढ्यावर त्यांना सोडू नका. तुमच्या चांगल्या रानात एक आणि चोपण, म्हणजे क्षाराने बिघडलेल्या, रानात एक, असे दोन खड्डे त्यांच्याकडून खणून घ्या आणि मुळं कुठवर गेली आहेत ते मोजायला लावा. या तुकड्यात गेल्या दहा वर्षांत काय काय पेरलं, शेणखत शेवटचं कधी पडलं, पाणी कुठे साचतं, हे त्यांना लिहून घेऊ द्या. घरातल्या बाईमाणसांनाही बोलतं करा. बियाणं कोणतं राखायचं आणि वैरण कुठे कमी पडते, हे त्या जास्त नेमकं सांगतील. आणि जमाखर्चाची वही असेल तर ती दाखवा, तोट्याच्या पानांसकट.

नमस्कार.