पिशवी आहे तोवर दोन्ही

मैत्रिणींनो, फळ्यावर 'एचआरटी : फायदे-तोटे' असं लिहिलंय. एचआरटी म्हणजे पाळी गेल्यावर कमी पडणारी हार्मोन्स औषधातून देणं. त्याला शेवटची दहा मिनिटं पुरतील. आधी केएमटीच्या एका बसची गोष्ट सांगते, कारण त्यात चूक माझी होती.

एक बाई यायच्या, पन्नाशीच्या. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, गरम वाफांनी रात्रभर पंखा-पदर चाललेला. त्यांना दंडाला चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल दिलं, सोबत प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. कॅप्सूलपुढं मी सवयीनं 'एच एस' लिहिलं. आम्हा डॉक्टरांच्या लॅटिनमध्ये 'झोपताना'. मेडिकलमधल्या पोरानं पाकिटावर लिहिलं 'सकाळी'. बाईंनी चहाबरोबर घेतली. उतरायचं दसरा चौकात, डोळे उघडले कसबा बावड्यात. "डॉक्टर, मी झोपलो ते कंडक्टरनं उठवल्यावर जागा झालो!" (हसताय, पण आपल्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात. पुण्याच्या सूनबाईंना अजून कळत नाही.)

झोप येणारच. प्रोजेस्टेरॉनचं शरीरात जे रूपांतर होतं, ते मेंदूच्या शांतवणाऱ्या यंत्रणेवरच काम करतं. म्हणून तर ती रात्री घ्यायची! पण हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी सरळ कॅप्सूल बंद केली आणि जेल चालू ठेवलं, कारण वाफा थांबल्या होत्या. आठ महिन्यांनी रक्तस्राव. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर चौदा मिलिमीटर, पाळी गेल्यावर ते चार-पाचच्या आत असावं. तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत माझीच झोप उडाली. अस्तर वाढलेलं होतं, पण कर्करोग नव्हता. औषधानं नीट झालं.

तर मुद्दा एवढाच. इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं. नुसत्या इस्ट्रोजेननं पिशवीच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ साली अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलं. आपल्याकडं तांबडा मागवला की पांढरा येतोच, वाढणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथं मात्र सांगावं लागतं.

जाता जाता एक गंमत. १९४० च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या एका कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. तो कंद आपल्या कोनफळाचा भाऊबंद. उपासाला कोनफळ खाणाऱ्या काकू, खूश होऊ नका. ते रूपांतर प्रयोगशाळेत होतं, पोटात नाही.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं, चहा तयार.' भडंग गार व्हायची भीती नाही, पण चहाची आहे. पटापट ऐका.

२००२ मध्ये अमेरिकेतली एचआरटीची मोठी चाचणी थांबली, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्यानं. वर्षाला दहा हजारांत साधारण आठ जणी जास्त. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि सोबतचं औषध शरीरातलं प्रोजेस्टेरॉन नव्हतं, कृत्रिम नक्कल होती. शरीरातल्यासारखं मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कणांचं, प्रोजेस्टेरॉन स्तनांना कमी त्रासदायक असावं असं निरीक्षणांतून दिसतं, पण खात्रीची मोठी चाचणी नाही. कुणी 'अगदी निर्धोक' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मी म्हणाले तरी.

मात्रा साधारण अशी: रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यात १२ ते १४ रात्री २००. दुसऱ्या पद्धतीत दर महिन्याला पाळीसारखं येतं, दचकू नका. पिशवी काढलीय त्यांना सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार, होता, तर विचारा. नुसत्या कोरडेपणासाठी योनीत लावायच्या कमी मात्रेच्या क्रीमबरोबरही सहसा लागत नाही. स्तनाचा कर्करोग झालेला, पायात गुठळी झालेली, कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा मोठा आजार: यांनी आपल्या मनानं काही सुरू करायचं नाही. आणि पाळी गेल्यावर कधीही लाल दिसलं तर सण उरकायची वाट बघू नका.

पुढच्या वेळी माझ्याकडे येताना फाइल विसरलात तरी चालेल, पिशवी आणा. गोळ्यांची हो! ती पिशवी नव्हे.