दम्याची औषधे श्वासनलिकेत नेमके काय करतात?

श्रोतेहो, नमस्कार.

धाप लागलेली असताना, छातीत घरघर वाजत असताना ज्यांनी इन्हेलरचा, म्हणजे आपण ज्याला सर्रास पंप म्हणतो त्याचा, फवारा ओढला आहे, त्यांना त्यानंतरची पाच मिनिटे चांगलीच ठाऊक असतील. आवळलेली छाती हळूहळू सैल होते, अडखळणारा श्वास पूर्ण बाहेर पडू लागतो आणि मनाला वाटते की दमा गेला. प्रत्यक्षात त्या पाच मिनिटांत सैल झालेला असतो तो फक्त श्वासनलिकेभोवतीचा स्नायू. दमा जिथे असतो तिथेच असतो.

दम्याचे मूळ श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला आलेल्या सुजेत आहे. ही सूज महिनोन् महिने टिकते आणि त्रास नसतानाही पूर्ण मावळलेली नसते. सुजलेले अस्तर धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा साधी सर्दी यांपैकी कशानेही चटकन बिथरते. मग नलिकेभोवतीचा स्नायू आवळतो, चिकट कफ पाझरतो आणि वाट अरुंद होते. हवा संथ वाहत असेल तर नलिकेची त्रिज्या निम्मी होताच तिला होणारा विरोध सोळापट होतो, असे भौतिकशास्त्राचे गणित सांगते. थोड्याशा आवळण्याने माणूस एवढा कासावीस का होतो आणि थोड्याशा सैलावण्याने त्याला एवढे हायसे का वाटते, याचे उत्तर या गणितात आहे.

हे सैलावण्याचे काम करणारे सर्वांत परिचित औषध म्हणजे 1969 साली वापरात आलेले सालब्युटामोल. स्नायूंच्या पेशींवर बीटा-2 नावाचे ग्राहक, म्हणजे रासायनिक संदेश टिपणारे रेणू, असतात. एरवी शरीरातले अ‍ॅड्रिनलिन ज्यांना चेतवते, त्यांनाच हे औषध चेतवते आणि स्नायू सैल पडतो. हातापायांच्या स्नायूंवरही असेच ग्राहक असल्यामुळे फवाऱ्यानंतर काही जणांची बोटे थरथरतात, कपातला चहा हिंदकळतो. ते घाबरण्यासारखे नसते, आणि थोड्या वेळाने थांबते. औषधाचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. मात्र या साऱ्या वेळात अस्तराची सूज जशीच्या तशी राहते, हे कृपया लक्षात ठेवा.

सुजेवर उपाय आहे तो श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा: बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही त्यांतली नेहमीची नावे. हे औषध पेशीच्या आत शिरते, तिथल्या ग्राहकाला चिकटून केंद्रकापर्यंत पोहोचते आणि सूज निर्माण करणारी रसायने ज्या जनुकांच्या आज्ञेवरून तयार होतात, त्या जनुकांनाच आवर घालते. अस्तराचे रूप पालटायला दिवस आणि आठवडे लागतात, त्यामुळे फवारा ओढल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. नेमके इथेच घोडे पेंड खाते. काही जाणवत नाही म्हणून हे औषध मागे पडते, आणि जाणवते म्हणून पहिले औषध दिवसातून पाच-सहा वेळा घेतले जाते. स्टेरॉइड या शब्दाची धास्तीही त्यात भर घालते. पण श्वासावाटे घ्यायची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. ती थेट नलिकेवर पडते आणि जो अंश गिळला जातो त्यातला बराचसा यकृत निष्प्रभ करते. वर्षानुवर्षे मोठी मात्रा घेतली तर दुष्परिणाम होऊ शकतात, हे खरेच आहे. म्हणूनच दमा काही महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा पायरीपायरीने कमी करतात. ते काम आपल्या मनाने करू नये.

दम्यावरील उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने 2019 साली आपल्या सल्ल्यात मोठा बदल केला: प्रौढांनी आणि किशोरवयीनांनी केवळ सालब्युटामोलसारख्या औषधावर विसंबू नये. फॉर्मोटेरॉल हे औषध काही मिनिटांत नलिका उघडते आणि त्याचा परिणाम सुमारे बारा तास टिकतो. ते स्टेरॉइडसोबत एकाच इन्हेलरमध्ये दिले की आराम वाटावा म्हणून ओढलेल्या प्रत्येक फवाऱ्याबरोबर सुजेवरचे औषधही आपसूक आत जाते. माझ्या मते गेल्या काही दशकांतला हा सर्वांत शहाणपणाचा बदल आहे, कारण तो माणसाच्या सवयीला ओळखून केलेला आहे.

मॉन्टेलुकास्टची गोळी ल्युकोट्राईन या सूजकारक रसायनाची वाट अडवते. ती घेताना मनःस्थितीत किंवा झोपेत बदल जाणवला तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. तीव्र दम्यासाठी ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शने आहेत, जी अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडालाच धरून ठेवतात.

औषध कितीही उत्तम असले तरी ते फुप्फुसात पोहोचले पाहिजे. फवाऱ्याचा इन्हेलर आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश खोल श्वास घेऊ लागतानाच कळ दाबावी आणि जमेल तर दहा सेकंद श्वास रोखावा. ओठांच्या कडेने धूसर वाफ निसटताना दिसली, तर तेवढे औषध वाया गेले असे समजावे. स्पेसर नावाची नळी जोडल्यास हा प्रश्न बराच सुटतो. भुकटीच्या इन्हेलरमध्ये मात्र श्वास जोरात ओढावा लागतो. स्टेरॉइडनंतर गुळणा करून पाणी थुंकावे, नाहीतर तोंडात बुरशी वाढते आणि आवाज बसतो.

आणि फवारा घेऊनही वाक्य पुरे करण्याइतका दम उरत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा आलेला आराम चार तासही टिकत नसेल, तर थेट रुग्णालय गाठावे. तिथे प्राणवायू आणि नलिका उघडणारी औषधे देतात, तसेच पोटातून किंवा शिरेतून स्टेरॉइड देतात. या स्टेरॉइडचा गुण दिसू लागायला काही तास जातात, म्हणून ते जितके लवकर पोटात जाईल तितके बरे.