गाडीत बसलेल्या कुत्र्याला नेमकं काय होतं?

[दृश्य: उभी गाडी, इंजिन बंद. मागच्या सीटवर मध्यम आकाराचा कुत्रा. कॅमेरा तोंडाजवळ.]

गाडी अजून सुरूही झालेली नाही. तरी याच्या ओठांच्या कोपऱ्याकडे बघा. लाळेची तार सुटली आहे आणि छातीवरचे केस ओले झाले आहेत. जीभ नाकावरून फिरते, आत जाते, परत बाहेर येते. मध्येच काहीतरी गिळल्यासारखी हालचाल होते, मग मोठी जांभई. त्याला झोप आलेली नाही आणि भूकही लागलेली नाही. त्याला मळमळतंय, तेही गाडी जागची हलण्याआधी.

‘याला गाडी आवडत नाही’ असं म्हणून आपण विषय संपवतो. पण न आवडण्याची कारणं निरनिराळी असतात. एखाद्याला खरोखर गाडी लागते. एखादा घाबरलेला असतो. एखाद्याला सीटवर नीट उभंही राहता येत नसतं. बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत हे सगळं एकात एक गुंतलेलं असतं. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे, आणि उपायांचा क्रम चुकला तर चांगला उपायही अंगलट येतो. म्हणून सगळ्यात आधी पाहायचं, की त्रास नेमका कधी सुरू होतो.

कुत्रा खुशीत गाडीत चढला, नीट बसला आणि गाडी दहा-वीस मिनिटं चालल्यावर, विशेषतः वळणांच्या रस्त्यावर, ओठ चाटू लागला, तर त्याला गाडी लागते आहे. दार उघडल्याबरोबर चारही पाय रोवून मागे ओढतो, कान मागे पाडतो, शेपूट पायात घालतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल इतकी नजर वळवतो, तर ती भीती आहे. आणि उभ्या गाडीत लाळ गळत असेल, तर आधीच्या प्रवासांतली मळमळ त्याच्या शरीराने लक्षात ठेवली आहे. सीटचा वास आला की पोट ढवळायला लागतं. तो हट्ट करत नसतो, त्याच्या हातात काहीच नसतं.

[दृश्य: आतल्या कानाचं रेखाचित्र.]

गाडी लागते ती कानामुळे. आतल्या कानात, दोन्ही बाजूंना, द्रवाने भरलेल्या तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं फिरलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. त्यांच्या शेजारीच सरळ रेषेतल्या वेगातला बदल आणि कल ओळखणारे सूक्ष्म कण असतात. आता मागच्या सीटवर बसलेल्या कुत्र्याला काय दिसतं? समोरच्या सीटची पाठ आणि दाराचा पत्रा. दोन्ही स्थिर. डोळे सांगतात, आपण एका जागी आहोत. कान सांगतात, आपण डावीकडे वळतोय, थांबतोय, पुन्हा निघतोय. हा मेळ बसत नाही आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र जागं होतं. ज्या कुत्र्यांच्या दोन्ही कानांतली ही तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी झालेली असते, त्यांना गाडी लागतच नाही.

पिल्लांमध्ये ही यंत्रणा अजून घडत असते, म्हणून त्यांना त्रास जास्त होतो. वर्षाचं होईपर्यंत पुष्कळ पिल्लांची मळमळ आपोआप कमी होते. पण त्या काळात प्रत्येक फेरी उलटीत संपली असेल, तर पोट सुधारतं आणि धास्ती राहून जाते. ‘मोठा झाला की होईल ठीक’ असं म्हणत वाट पाहण्यात हाच धोका आहे.

हिसक्यांचंही एक गणित आहे. माणसांवर झालेल्या प्रयोगांत सगळ्यात जास्त मळमळ झाली ती साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा या संथ लयीला. खडबडीत रस्त्याची जलद थरथर तितकी बाधत नाही. वाहनांच्या गर्दीत थांबत-निघत जाणं आणि घाटातली डुलती वळणं मात्र बाधतात. त्यामुळे निम्मा इलाज चालवणाऱ्याच्या पायात असतो. ब्रेक लवकर आणि हलका लावा. गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी, पायाचा दाब किंचित सैल करा, म्हणजे गाडीचं नाक खाली जाऊन परत वर येत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

[दृश्य: गुळगुळीत सीटवर कुत्र्याचे पंजे. गाडी वळते.]

आता हे पंजे बघा. गाडी उजवीकडे वळली आणि डावा पुढचा पाय बाहेर घसरला. बोटं फाकली, नखं रोवली गेली, पण रेक्झिनमध्ये रुतायला जागा नाही. कोपर सीटला टेकलं. सावरेपर्यंत पुढचं वळण आलं. धरायला हात नाहीत, पुढचं वळण दिसत नाही आणि पायाखाली पकड नाही. अशा स्थितीत तासभर उभं राहिलेला कुत्रा घरी पोचल्यावर गाढ झोपतो, तेव्हा ‘प्रवास मानवला’ असा अर्थ काढू नका. तो थकून पडलेला असतो.

इथला उपाय स्वस्त आणि सोपा आहे. खालच्या बाजूला रबर असलेली, न सरकणारी चटई अंथरा. नुसती चादर घालू नका, ती कुत्र्यासकट घसरते. सीट आणि पुढच्या सीटची पाठ यांमधली पोकळी भरून काढा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की पाय त्यात जातो. क्रेट, म्हणजे कुत्र्याला न्यायचा पिंजरा, वापरत असाल तर त्यात उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय पसरून झोपता यावं इतका मोठा हवा. त्याहून फार मोठा नको, कारण मोठ्या क्रेटमध्ये कुत्रा आतल्या आत आपटतो. जागा निवडता येत असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली निवडा. मागच्या चाकांच्याही मागे, डिकीच्या टोकाला, वर-खाली हलणं सगळ्यात जास्त असतं.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका. पाणी मात्र तोडायचं नाही. काच दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवली तर ताजी हवा खेळती राहते. गाडीतला सुगंधी डबा काढून टाका. आपल्याला मंद वाटणारा तो वास कुत्र्याच्या नाकाला बंद जागेत फार तीव्र असतो.

[दृश्य: पशुवैद्य कुत्र्याचं वजन करताना.]

एवढं करूनही मळमळ थांबत नसेल तर औषध लागतं, आणि ते सरावाच्या आधी लागतं. पोटात ढवळत असताना तुम्ही कितीही प्रेमाने गाडीची ओळख करून दिलीत, तरी कुत्रा शिकतो ते एवढंच, की गाडीत बसलं की त्रास होतो. आधी मळमळ बंद करायची आणि मग सवय लावायची. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

मॅरोपिटंट हे औषध उलटीच्या केंद्राकडे जाणारा संदेशच अडवतं आणि त्याने सहसा गुंगी येत नाही. ते निघण्याच्या साधारण दोन तास आधी, थोड्याशा खाण्याबरोबर देतात. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. साध्या उलट्यांसाठी त्याची गोळी दर किलो वजनाला २ मिलीग्रॅम या हिशेबाने देतात, तर गाडी लागू नये म्हणून ८ मिलीग्रॅम. म्हणजे चौपट. मागच्या आजारपणातली उरलेली गोळी देऊन ‘काही उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्यांची गफलत बहुधा इथे झालेली असते. पण मात्रा आणि वयाची अट पशुवैद्यानेच ठरवायची. माणसांच्या औषधाच्या डब्यातलं काही देऊ नका. ॲलर्जीच्या काही गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल किंवा स्यूडोएफेड्रिन मिसळलेलं असतं, आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

या औषधामुळे एक निदानही होतं. गोळीनंतर लाळ, जांभया, थरथर सगळं गेलं, तर मूळ मळमळीत होतं. उलटी थांबली पण थरथर आणि धापा राहिल्या, तर भीती वेगळी आहे आणि तिच्यासाठी वेगळं काम करावं लागेल. भीतीवर नुसतं गुंगीचं औषध मागू नका. ॲसेप्रोमॅझीनसारख्या औषधाने शरीर सुस्तावतं, पण मनातली भीती तशीच राहू शकते. बाहेरून शांत दिसणारा कुत्रा आतून घाबरलेलाच असेल, तर पुढच्या वेळी तो जास्त बिथरतो. भीती कमी करणारी औषधं निराळी असतात. तसं पशुवैद्याला स्पष्ट विचारा.

[दृश्य: अंगणात उभी गाडी, चारही दारं उघडी.]

आता सराव. गाडी बंद, चारही दारं उघडी. कुत्रा ज्या अंतरावर निवांत उभा राहतो तिथे थांबा आणि त्याचा सगळ्यात लाडका खाऊ द्या, एरवी न मिळणारा. दोन-तीन मिनिटांत संपवा. जवळ गेल्यावर एकदा, आत डोकावल्यावर एकदा, स्वतःहून चढल्यावर मूठभर. उचलून आत टाकायचं नाही. उघडी दारं महत्त्वाची आहेत, कारण बाहेर पडता येतं हे त्याला कळलं की आत जाणं सोपं होतं.

आत बसून निवांत खाऊ लागला की एक दार बंद करा, मग दुसरं. मग इंजिन सुरू करा आणि गाडी जागेवरच ठेवा. इथे पुष्कळ कुत्रे अडतात, कारण इंजिनची थरथर पायांतून वर येते. अडला तर एक पायरी मागे या. पुढे गाडी दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे. मग एक चक्कर. मग पाच मिनिटांवरच्या एखाद्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊन तिथे हुंगायला, पळायला सोडा. घाई झाली हे ओळखायची खूण अगदी साधी आहे. घरात झडप घालून खाणारा कुत्रा तोच खाऊ गाडीत तोंडात घेऊन टाकून देतो, किंवा तुमचं बोट लागेल इतक्या घाईने हिसकावतो. दोन्हींचा अर्थ एकच, पायरी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे.

या काळात गाडी दवाखान्यासाठी वापरावीच लागली, तर मधल्या दिवसांत दवाखान्याच्या फेऱ्यांच्या कितीतरी पट जास्त आनंदाच्या फेऱ्या व्हायला हव्यात. फक्त सुई टोचायच्या दिवशीच गाडीत बसणारा कुत्रा घाबरतो, यात नवल काही नाही.

[दृश्य: काचेला नाक लावून सतत भुंकणारा कुत्रा.]

हा घाबरलेला वाटत नाही. पण खिडकीबाहेरच्या प्रत्येक दुचाकीवर भुंकणारा, या काचेवरून त्या काचेवर झेपावणारा कुत्रा मजेत असतोच असं नाही. सुटणारी प्रत्येक गोष्ट त्याला पाठलागासाठी चेतवते आणि पाठलाग काही पूर्ण होत नाही. त्याला ओरडलं तर गोंगाटात भर पडते. त्याच्या काचांवर पडदे लावा, क्रेटवर हवा खेळेल असं पातळ कापड टाका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाडीत लव्हेंडरचा वास दरवळत असताना अशा अतिउत्साही कुत्र्यांचं हिंडणं आणि भुंकणं कमी झालं होतं. मग सुगंधी डबा काढायला का सांगितलं? कारण मळमळणाऱ्या कुत्र्याला कुठलाही वास नको असतो. आधी आपला कुत्रा कोणत्या गटातला आहे ते ठरवा. आणि ते तेल कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही, तो चाटतो.

[दृश्य: हार्नेसचं बक्कल, जवळून.]

बांधण्याबद्दल काही हयगय नको. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. सुमारे १० मीटर उंचीवरून पडल्यावर जो वेग येतो, तितका हा वेग आहे. पट्टा गळ्यातल्या कॉलरला कधीही अडकवू नका, सगळा झटका मानेवर येतो. छातीवर रुंद पट्टी असलेला, गाडीसाठीच बनवलेला हार्नेस घ्या आणि त्याची दोरी आखूड ठेवा: बसता-झोपता येईल इतकी, सीटवरून खाली लोंबकळता येणार नाही इतकी. पुढच्या सीटवर बसवू नका. एअरबॅग माणसाच्या मापाने उघडते.

खिडकीतून डोकं बाहेर काढायला त्याला आवडतं, कारण हवेबरोबर वासांची रांग येत असते. पण त्याच हवेत खडे, धूळ आणि किडे असतात आणि डोळ्याला जखम व्हायला एक कण पुरतो. नाक मावेल एवढीच फट ठेवा. काचेचं बटण लॉक करा, नाहीतर पंजा पडून काच मानेवर चढते.

उन्हाबद्दल थोडक्यात. कुत्र्याला घाम जवळपास फक्त पंजांना येतो, बाकी सगळं थंड होणं धापांवर. आखूड नाकाच्या पग आणि बुलडॉगना तेही नीट जमत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत बाहेर २२ अंश सेल्सिअस असताना उभ्या गाडीत तासाभरात ४७ अंश झाले. वाढीचा मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासातला होता, आणि काचा थोड्या उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ हे वाक्य कुत्रा आत असताना उच्चारायचंच नाही. चालत्या गाडीतही एसीचा गारवा डिकीतल्या क्रेटपर्यंत पोचतो का, ते हात घालून बघा.

लांबच्या प्रवासात साधारण दर दोन तासांनी थांबा. उतरवताना आधी आत हात घालून पट्टा धरायचा, मग दार पूर्ण उघडायचं. भेदरलेला कुत्रा अनोळखी रस्त्यावर सुटला तर तुमच्या हाकेलाही येत नाही.

[दृश्य: गाडीच्या दाराशी थबकलेला वयस्क कुत्रा.]

वर्षानुवर्षं आनंदाने उडी मारून चढणारा कुत्रा एक दिवस दाराशी थांबला, तर त्याला सवय लावायला बसू नका. आधी कंबर आणि मागचे पाय तपासून घ्या. सांधे दुखत असतील तर त्याला उडी नको असते, गाडी नाही. न घसरणारा रॅम्प लावला की तो पुन्हा चढू लागतो. आणि मोठ्या वयात अचानक गाडी लागायला लागली, त्याबरोबर डोकं एका बाजूला कलतं, चालताना तोल जातो, कान सारखा खाजवतो असं काही दिसलं, तर कानाचा संसर्ग किंवा तोलाच्या यंत्रणेचा आजार असू शकतो. दवाखान्यात जाताना मोबाइलवर त्याची दोन चित्रणं काढून न्या, एक उभ्या गाडीतलं आणि एक गाडी चालू असतानाचं. तपासणीच्या टेबलावर तो यातलं काहीच दाखवणार नाही.