पावणेसहाची एसटी

(दृश्य : पहाट नुकतीच सरलेली. कोरेगाव तालुक्यातील एका गावाचा फाटा. दुरून एसटीचे दिवे दिसतात.)

पडद्यावर दिसते आहे ती दहिवडीहून पुसेगाव, कोरेगावमार्गे साताऱ्याला जाणारी एसटी. आमच्या फाट्यावर ती सातच्या सुमारास येते आणि पुरते अर्धे मिनिटही थांबत नाही, कारण चढणारे सगळे ठरलेले असतात : भाजीची पोती घेतलेले दोघे, कचेरीत हेलपाटे घालणारे एखादे आजोबा आणि उरलेले आम्ही, म्हणजे कॉलेजला अप-डाउन करणारी मुले. याच रस्त्यावरच्या पुसेगावजवळ कटगुण आहे, जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. रोज त्या बाजूने येणाऱ्या एसटीत चढून कॉलेज गाठणाऱ्या माझ्यासारख्या मुलींना हे ठाऊक असते, पण बसायला जागा मिळेपर्यंत त्याचा विचार करायला फुरसत नसते.

कॉलेजमध्ये सोयी पुष्कळ असतात. प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत त्यांची यादी असते : ग्रंथालय, जिमखाना, शिष्यवृत्ती विभाग, विद्यार्थी साहाय्य, राष्ट्रीय सेवा योजना, कमवा व शिका. अप-डाउन करणाऱ्या मुलीला मात्र या सगळ्या सोयी सकाळची एसटी आणि संध्याकाळची परतीची पावणेसहाची एसटी यांच्यामध्ये बसवाव्या लागतात, आणि बी.एस्सी.चे माझे पहिले वर्ष मुख्यतः ही मापे जुळवण्यात गेले. ही चित्रफीत त्या वर्षाची आहे. कॉलेजचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. ज्या खिडक्यांविषयी मी बोलणार आहे, त्या जिल्ह्यातल्या कोणत्याही कॉलेजात थोड्याफार फरकाने अशाच आहेत.

(दृश्य : कार्यालयाची लांब ओसरी. जाळीच्या तीन खिडक्या. प्रत्येकीपुढे रांग.)

कॉलेजशी माझी पहिली ओळख वर्गात झाली नाही, ती या ओसरीत झाली. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स अशी फाइल छातीशी धरून मी पहिल्या खिडकीपुढे उभी राहिले, तेव्हा मला फक्त एक कागद हवा होता : बोनाफाईड. एसटीच्या विद्यार्थी पासात भाड्याचा एक तृतीयांशच भाग भरावा लागतो, आणि तो पास कॉलेजच्या बोनाफाईडशिवाय मिळत नाही. बोनाफाईड मिळेपर्यंत रोज महिलांचे अर्धे तिकीट काढायचे. त्या दिवसांत घरी कुणी काही बोलले नाही, पण संध्याकाळी वडील ‘मिळाला का गं कागद?’ एवढे विचारत.

मी तिसऱ्या दिवशीही रांगेच्या शेवटी उभी होते. तेव्हा शिपाईमामांनी फाइलकडे पाहून विचारले, “अप-डाउनवाली का? मग अकराला कशाला येतेस? दहाच्या आत ये. अकरानंतर मॅडम चलनं लावायला बसतात.” दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना मी खिडकीशी होते आणि दहा वाजून सात मिनिटांनी गोल शिक्का मारलेला कागद माझ्या हातात होता. सूचनाफलकावर कार्यालयाची वेळ ‘11 ते 5’ अशी लिहिलेली आहे, आणि ती खोटीही नाही. त्या वर्षी मला कामाची जी माहिती मिळाली, त्यातली निम्मी तरी अशी ओसरीतून, मामांकडून नाहीतर वरच्या वर्गातल्या एखाद्या ताईकडून आली. ज्याला कुणाला विचारता येत नाही, त्याच्यासाठी माहितीपुस्तिकेतली यादी ही नुसती यादीच राहते, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

आणखी एक कागद प्रवेशाच्या वेळीच भरून घेतला गेला, तो रॅगिंगविरोधी हमीपत्राचा. विद्यार्थ्याने आणि पालकाने असे दोघांनी तो दरवर्षी भरायचा असतो. महाराष्ट्रात रॅगिंगला मनाई करणारा कायदा 1999 पासून आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे वाचून माझे वडील सही करायच्या आधी क्षणभर थबकले. त्यांना वाटले, मीच काहीतरी करणार आहे म्हणून ही सही घेत आहेत.

(दृश्य : फलकावर चिकटवलेले वेळापत्रक. एक बोट रकान्यांवरून फिरते.)

माझ्या मोठ्या चुलतभावाने बी.एस्सी. केली तेव्हा विषय निवडले की काम संपत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार बदललेला अभ्यासक्रम स्वायत्त कॉलेजांत आधी आला आणि 2024-25 पासून विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजांतही लागू झाला, त्यामुळे आता हिशेब क्रेडिटचा असतो. एका सत्राला 22, वर्षाला 44. पंधरा तासांचे व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर त्याच एका क्रेडिटला तीस तास. मुख्य विषय, त्याखेरीज दुसऱ्या विद्याशाखेतला एक खुला विषय, कौशल्याचा एक, भाषेचा एक, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहअभ्यासक्रम. कमावलेली क्रेडिट एका ऑनलाइन खात्यात जमा होतात, ज्याला एबीसी म्हणतात, आणि 44 झाल्यावर कुणाला शिक्षण थांबवावेच लागले तर विहित अटी पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. आमच्या गावातल्या मुलींच्या बाबतीत ही तरतूद नेमकी कुणाच्या उपयोगी पडेल, मुलीच्या की लग्नाची घाई असलेल्या तिच्या मामाच्या, हा प्रश्न मला अजून पडतो.

खुला विषय म्हणून मला इतिहास घ्यायचा होता. विज्ञानाच्या मुलीला कला शाखेतले काही शिकता यावे, हाच या विषयामागचा हेतू आहे. पण इतिहासाचा तास संध्याकाळी पाचला होता आणि स्टँडपर्यंत चालत पंचवीस मिनिटे लागतात. तास पूर्ण करून पावणेसहाची एसटी सापडणे अशक्य, आणि त्यानंतरची साडेसातला. म्हणून दुपारी बाराला ज्याचा तास होता तो विषय मी निवडला. तो वाईट नव्हता. पण निवड माझी होती असे म्हणताना जीभ थोडी अडखळते, कारण ती एसटीच्या वाहतूक नियंत्रकाने केली होती.

(दृश्य : सायबर कॅफे. पडद्यावर अर्जाची पाने.)

शिष्यवृत्तीची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्यात माझी स्वतःची चूक होती आणि ती मला आठ महिने पुरली.

गावात सगळ्यांची समजूत होती की मुलींना आता शिक्षण फुकट आहे. 2024 मध्ये राज्य सरकारने मुलींसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी जाहीर केली, हे खरे. परंतु ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ठरावीक प्रवर्गांतल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी आहे. साध्या बी.एस्सी.ला ती लागू नाही. हे मला शिष्यवृत्तीच्या खिडकीवर कळले. तिथल्या सरांनी त्याबरोबरच सांगितले की राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली मला अर्ज करता येईल आणि तो महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा.

अर्ज भरला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला. आधी कॉलेजच्या लिपिकाने तो तपासायचा, मग प्राचार्यांच्या लॉगिनमधून तो पुढे जायचा, आणि या सगळ्या काळात आपण संकेतस्थळावर जाऊन ‘अंडर स्क्रूटिनी’ हे दोन शब्द वाचत राहायचे. पुढे मैत्रिणींचे पैसे आले, माझे आले नाहीत. मी शिष्यवृत्तीच्या खिडकीशी इतक्या वेळा गेले की सर मला पाहून फक्त मान हलवीत. शेवटी त्यांनीच विचारले, “आधार कुठल्या खात्याला लिंक आहे?” मी अर्जात दिलेल्या खात्याचे नाव सांगितले. ते म्हणाले, “तू काय दिलंस ते नको सांगू. आधार कशाला जोडलंय ते बघून ये.”

फरक असा आहे : सरकारकडून थेट जमा होणारे पैसे आधार क्रमांकावर जातात, आणि तो क्रमांक ज्या खात्याशी सर्वांत शेवटी जोडला गेला असेल, त्या खात्यात ते पडतात. माझा आधार जोडलेला होता पाचवीत असताना शाळेने उघडून दिलेल्या खात्याशी, ज्याचे पासबुक घर सारवताना कधीच हरवले होते आणि जे वापराअभावी बंद पडले होते. ते नव्या खात्याशी जोडून घ्यायला बँकेत एक पानी अर्ज आणि दहा मिनिटे लागली. त्या दहा मिनिटांची गरज आहे, एवढे कळायला आठ महिने.

(दृश्य : ग्रंथालयाची मांडणी. एक हात पुस्तकांच्या पाठी सरळ करतो.)

पैसे अडकल्यामुळेच मी कमवा व शिका योजनेत नाव दिले. या योजनेत विद्यार्थ्याने कॉलेजच्याच आवारात, ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत, रोज ठरावीक तास काम करायचे आणि तासांवर मानधन घ्यायचे. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत ती आहे, पण साताऱ्यात तिला वेगळा अर्थ आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, जिथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि काम करून शिकत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. 1947 मध्ये कर्मवीरांनी इथेच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, त्याचाही पाया श्रम करून शिकण्याचाच होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमुचे ब्रीद’ हे वाक्य या शहरात भिंतींवर इतक्या ठिकाणी दिसते की लहानपणी मी ते न वाचताच वाचत असे.

मला ग्रंथालय मिळाले. दुपारी दीड ते साडेतीन. वाचणारे पुस्तकाचे पान पाहतात. काम करणाऱ्याला आधी पुस्तकाची पाठ दिसते. पाठीच्या खालच्या टोकाला पांढरी चिठ्ठी असते, तिच्यावर वर्गांक. मराठी साहित्याचा 891.46. चिठ्ठीला डिंक जास्त लागला तर तो कडेने बाहेर येतो आणि शेजारच्या पुस्तकाला चिकटतो. म्हणून तो बोटाने निपटून घ्यायचा, चिठ्ठी बसवायची आणि जुन्या फडक्याने एकदाच दाबायची, घासायची नाही. हे मला ग्रंथालयातल्या काकांनी शिकवले. नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर दाखल क्रमांक टाकतात, आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर पुन्हा एकदा शिक्का मारतात, कारण पहिले पान फाडून पुस्तक पळवणाऱ्याला ते आतले पान माहीत नसते. ते पान कितवे, हे मी इथे सांगणार नाही. काकांना शब्द दिला आहे.

महिन्याकाठी मिळणारे मानधन फार नव्हते. त्यातून पासाचे पैसे सुटत आणि झेरॉक्सचे. पण इतिहासाचा जो तास पावणेसहाच्या एसटीने माझ्यापासून काढून घेतला होता, त्याची पुस्तके त्याच मांडणीत होती, आणि कामाची नोंदवही ठेवणाऱ्या मुलीला दोन बीटीऐवजी (बीटी म्हणजे पुस्तक घरी नेण्याचे ग्रंथालयाचे कार्ड) चार बीटीवर पुस्तके नेता येत. ती मी एसटीत वाचली. कोरेगाव येईपर्यंत उजेड पुरतो, पुढे हिवाळ्यात पुरत नाही.

(दृश्य : गावातील प्राथमिक शाळा. ओट्यावर गाद्यांच्या वळकट्या. मुले-मुली टिकाव-फावडी घेऊन.)

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करायचे आणि सात दिवसांचे एक शिबिर. माझ्यासाठी त्या शिबिराचे महत्त्व अगदी साधे होते. वर्षभरात तेवढेच सात दिवस असे गेले, जेव्हा पाच वाजले की मी घड्याळाकडे पाहिले नाही. बांध घातला, गटारी उपसल्या, रात्री शेकोटीभोवती भारुडे म्हटली. ज्या हॉस्टेलच्या मुली एरवी मला नावाने ओळखत नव्हत्या, त्यांना मी भाकरी थापायला शिकवले आणि त्यांनी मला गॅदरिंगच्या नाटकात ओढले. नाटकाच्या तालमी सहानंतर असत, त्यामुळे मी पडद्यामागचे काम घेतले, तेही शनिवार-रविवारपुरते.

कॅन्टीनविषयी सांगण्यासारखे एवढेच की तिथला वडा चांगला असतो आणि चार वाजता संपतो.

(दृश्य : बँकेतील पासबुक छापण्याचे यंत्र. बाहेर जूनचा पाऊस.)

परीक्षा संपली, निकालाच्या आधीची सुट्टी लागली. जूनमध्ये आई आणि मी बँकेत गेलो होतो, ते वेगळ्याच कामासाठी, शेतीच्या अनुदानाचे काय झाले ते पाहायला. माझे पासबुक सहज यंत्रात सरकवले. यंत्राने खर्रखर्र करत तीन ओळी छापल्या. तिसऱ्या ओळीत इंग्रजी अक्षरांची एक लांब माळ होती आणि तिच्यापुढे जमा रकाना भरलेला होता. तारीख पाहिली तर पैसे येऊन पंधरा दिवस झाले होते.

बँकेत मोबाइल क्रमांक वडिलांचा दिलेला आहे. घरी आल्यावर मी विचारले, “तुम्हाला मेसेज आला नव्हता का?”

“आला होता,” वडील म्हणाले. “पैसे जमा झाले म्हणून. मला वाटलं ते ओटीपीवाले चोर असतील. पुसून टाकला.”

आईने पासबुक उजेडाकडे धरले, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “यात तुझं नाव कुठाय?”