राखलेली ओळ

हे कोबीचं फूल. फार थोड्यांनी ते पाहिलेलं असतं, कारण फुलायच्या आतच गड्डा काढून नेतात. ही एक ओळ मुद्दाम राखली. थंडी सोसून झाली, गड्डे तडकले आणि आतून दांडे वर आले.

जरा जवळून बघा. चार पाकळ्या, अधिकच्या चिन्हासारख्या समोरासमोर. आत सहा पुंकेसर, चार उंच, दोन आखूड. मोहरीच्या फुलात हेच, मुळ्याच्या फुलातही हेच. पानं कितीही वेगळी असोत, कूळ फुलात ओळखू येतं.

आता हा गड्डा उभा चिरलाय. मधला पांढरा दांडा म्हणजे खोड, आखडून बसलेलं. प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक डोळा आहे. हे डोळेच फुगले, की ब्रसेल्स स्प्राउट्स. खोड फुगलं, की नवलकोल. फुलोरा कळी धरण्याआधीच थबकला, की फ्लॉवर. कळ्यांपर्यंत पोचला, की ब्रोकोली. हे सगळे एकाच प्रजातीचे, ब्रासिका ओलेरेसियाचे. तिची रानटी झाडं युरोपातल्या समुद्रकड्यांवर वाढतात. या रानकोबीला ना गड्डा, ना गाठ. त्या साध्या पानांतून एवढं सगळं काढलं ते शेतकऱ्यांनी, मनात भरलेल्या झाडाचं बी दरवर्षी बाजूला ठेवून. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. माझ्या लेखी ते संशोधकच.

राईची कुंडली मात्र कागदावर आहे. १९३५ साली जपानमध्ये नागाहारू ऊ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की राईच्या १८ गुणसूत्र-जोड्यांपैकी ८ काळ्या मोहरीच्या, तर १० सलगमाच्या प्रजातीच्या. दोन प्रजातींचा संकर, आणि दोघींचा वारसा पूर्ण.

ही अळी पान कुरतडते आहे. अखंड पानात तिखटपणा नसतो. त्याचा कच्चा माल एका पेशीत, तो फोडणारं विकर दुसरीत. पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि झणका उठतो. बहुतेक किडे तिथेच माघार घेतात. पांढऱ्या फुलपाखराची ही अळी मात्र पोटातच त्या रसायनाची वाट बदलते. तिची आई तर याच रसायनांच्या खुणेवरून अंडी घालायला पान निवडते.

राखलेल्या ओळीकडे परत येऊ. कोबी सहसा स्वतःच्या परागानं बी धरत नाही, म्हणून एकटं झाड राखून भागत नाही. जवळपास फ्लॉवर फुललेला असेल तर मधमाश्या दोघांची सरमिसळ करतात. एवढी राखण करायची, तेव्हा कुठे वाण शुद्ध राहतं. संकरित पिकाचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. तरी संकरित बियाणंच सगळीकडे पोचलं आणि जुनी वाणं मागं पडली.

या वाळलेल्या शेंगा. देठाकडून नख लावलं, दोन्ही टरफलं निघाली. मधे कागदासारखा पातळ पडदा उरलाय. त्याच्या कडेला बिया अजून चिकटून आहेत.