फजिनदार आणि फोरास: मुंबई बेटाची पहिली वाटणी

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे आपण शाळेत वाचतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मला आज तिथंच थांबायचंय. आंदणात दिलं ते काय? राज्य दिलं म्हणावं, तर खालची जमीन कुणाची होती?

१५३४च्या वसईच्या तहानं ही बेटं गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली. त्यांनी गावंच्या गावं आपल्या माणसांना वाटली, बऱ्याचदा तीन हयातींच्या बोलीवर. दरसाल फोरो, म्हणजे खंड, भरायचा आणि वेळ पडली तर घोडा-हत्यार घेऊन हजर व्हायचं. मुंबईचं बेट मिळालं गार्सिया द ओर्ता या वैद्याला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तो इथल्या आंब्याच्या झाडाबद्दल लिहितो. वर्षातून दोनदा फळायचं म्हणे. बेटाचं खरं उत्पन्न मात्र भातखाचरांत आणि माडांच्या वाड्यांत होतं. म्हणजे कुणबी आणि भंडारी यांच्या राबण्यात.

१६६१ला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा तह झाला, पण ताबा मिळायला १६६५ उजाडलं. तोवर नेमलेला गव्हर्नर शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत वारला, त्याचे बहुतेक सैनिकही गेले. अखेर १८ फेब्रुवारीला शिपमनचा सचिव हम्फ्री कुक यानं ताबा घेतला, तोही बेटाची जमीनदारीण इनेस द मिरांडा हिच्या वाड्यात. धनिणीच्याच घरात तिचं बेट दुसऱ्या राजाच्या हाती गेलं, आणि धनीण धनीणच राहिली, कारण जमीनधारकांच्या मिळकतीला धक्का लावायचा नाही हे ताब्याच्या करारातच होतं.

त्याच करारातलं एक कलम मला सुन्न करतं. पोर्तुगीज मुलखातून कुणबी, भंडारी मुंबईत पळून आले, तर इंग्रजांनी त्यांना धन्याकडे परत पाठवायचं. जमिनीची वाटणी म्हणतो आपण. माणसंही त्या वाटणीत होती.

माहीमचा वादही ऐकण्यासारखा आहे. पोर्तुगीज म्हणाले, माहीम वेगळं बेट, ते दिलेलं नाही. कुक म्हणाला, ओहोटीला चालत जाता येतं, मग वेगळं कसलं? आणि माहीम त्यानं घेतलं.

१६६८ला राजानं बेट वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. आता कंपनी आणि धारक यांच्यात जमिनीच्या हक्कांवरून भांडणं लागली. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरनं १६७२ला तोड काढली: धारकांनी मिळून दरसाल २०,००० शेराफीन भरावेत, कंपनीनं त्यांचा कब्जा मान्य करावा. शेराफीन म्हणजे आपल्या अशरफीचंच पोर्तुगीज रूप. तडजोड शहाणपणाची होती. बेट नांदतं राहिलं ते तिच्यामुळे, असं माझं मत आहे. पण ती धारकांशी झाली. खाचरात उतरणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

हे धारक म्हणजे फजिनदार, पोर्तुगीज ‘फझेंदा’वरून. मुंबईच्या जुन्या मिळकतींच्या कागदांत ‘फजिनदारी’ हा शब्द आजही भेटतो. पुढे महालक्ष्मी-वरळीकडचं भगदाड बांध घालून बुजवलं. समुद्राखालून जी जमीन मोकळी झाली, ती हलक्या फोरोवर लागवडीला दिली. ती फोरास जमीन. तिच्यातून गेलेला रस्ता तो फोरास रोड.