हे चाडं आहे, ताई!

श्रोतेहो, नमस्कार. जुनं शेती-अवजार हाती आलं, तर तीन गोष्टी बघा. धार, नेढं (म्हणजे दांडा बसतो ते छिद्र) आणि भोकं.

धार आतल्या बाजूला आणि पातं पातळ असेल, तर विळा. मूठभर पीक धरून ओढून कापायचा. धार तशीच पण पातं जड असेल, तर कोकणातली कोयती. ती कमरेच्या आकडीत लटकते. खुरपं आखूड, खाली बसून मातीत चालवायचं, तण मुळाशी तोडायचं. कुदळीचं नेढं बघा. दांडा सैल असला तर घाव घालताना कुदळ निसटते. म्हणून दांडा नेढ्याकडे जाड ठेवतात आणि रात्रभर पाण्यात भिजवून फुगवतात.

आता भोकं, आणि त्यावरून चोर बाजारातला एक किस्सा. दुकानदार एका ताईंना लाकडी वाडगं दाखवत होता. तळाला तीन भोकं, तिन्ही मेणानं बुजवलेली. "कँडल स्टँड है, मॅडम, अँटिक!" शेजारी कपाट उतरवणारा साताऱ्याकडचा माथाडी थांबला. वाडगं उचललं, उलटं केलं, मेण नखानं टोकरलं. "हे चाडं आहे, ताई. तिफणीचं." म्हणजे पेरणीच्या अवजाराचं, बी सोडायचं वाडगं. मग चाड्यावर मूठ धरून चालूनच दाखवलं: पुढं बैल, मागं हा, मुठीतून दाणे सुटतायत, तीन भोकांतून तीन नळ्यांत, नळ्यांतून माती उकरणाऱ्या फणांत. मूठ एका अंगाला कलली की एक तास, म्हणजे पेरलेली ओळ, दाट, दुसरा विरळ. शेवटी दुकानदाराला म्हणाला, "भोकं बुजवलीस व्हय? तुझ्या शेतात काय उगवायचं नाय!" दुकानदारानं तिथल्या तिथं किंमत वाढवली.

(हल्ली पुस्तकाला फळी नसलेल्या घरातही बैलगाडीचं चाक टांगलेलं असतं. असो.)

तर भोकं मोजा. दोन असतील तर दुफण, तीन असतील तर तिफण. पेरताना ओली माती फणाला लागून नळी तुंबते. वर चाड्यात बी साचतं, खाली तास रिकामा जातो. ते कळतं उगवण झाल्यावर, म्हणून पेरणारा मधेच थांबून नळ्या झटकतो.

चाड्याला व्हार्निश फासू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, वर जवसाचं तेल चोळा. मुंबईच्या दमट हवेत लोखंडाला तर तेल हवंच. आधी गंज वाळूकागदानं घासा, पण धारेवर वाळूकागद फिरवू नका.